फराळाचं वेळापत्रक: अनारशाच्या तांदळापासून तुळशीच्या लग्नापर्यंत

चकली मऊ पडली, अनारसा हसला, की आपण पिठाला आणि तेलाला नावं ठेवतो. खरी गडबड आठ-दहा दिवस आधीच झालेली असते. तांदूळ भिजत घालायला उशीर झाला, भाजणी घेऊन शेवटच्या शनिवारी गिरणीच्या रांगेत उभं राहिलो, आणि लाडू वळायचे नेमके त्याच संध्याकाळी पाहुणे टपकले. मग सगळं एकाच रात्री उरकायचं, आणि पहिल्या आंघोळीला डोळे चोळत बसायचं.

आमच्या डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघी जावा नोकरी करतो. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या, पण जीभ आणि नाक अजून शाबूत. लोकलचा प्रवास धरला तर फराळासाठी हातात येतात दोन रविवार, एक शनिवार आणि काही संध्याकाळी. एवढ्यात सगळं बसवायची जी पद्धत आमच्याकडे हळूहळू ठरत गेली ती इथे लिहिते आहे. मापं सहा माणसांच्या घराची आणि शेजारीपाजारी द्यायच्या आठ-दहा ताटांची आहेत.

आधी उलटं मोजा

मोजणी नरकचतुर्दशीपासून मागे करायची. तिच्या आधीच्या दिवशी धनत्रयोदशी, त्याआधी वसुबारस. वसुबारसेला बऱ्याच घरांत तळण करत नाहीत, दूधदुभतंही खात नाहीत. आमच्याकडे त्या दिवशी कढई चढत नाही म्हणजे नाही. सुरुवातीला मला ही अडचण वाटायची. आता वाटतं, कोणीतरी मोठ्या हुशारीने घातलेली ही मुदत आहे. वसुबारसेच्या आदल्या रात्री तळण संपलंच पाहिजे असं ठरलं, की मागचे दिवस आपोआप जागेवर बसतात.

पहिल्या आंघोळीच्या सोळा दिवस आधी अनारशांचे तांदूळ भिजतात. दोन आठवडे आधीच्या रविवारी भाजणीचं धान्य धुऊन, वाळवून, भाजून होतं आणि त्याच आठवड्यात मधल्या वारी, सकाळी लवकर, दळून येतं. आठवडाभर आधीच्या रविवारी बेसन लाडू आणि चिवडा. उरलेल्या दिवसांत, सुट्टी जशी मिळेल तसे अनारसे, शंकरपाळे, करंज्या आणि चकल्या. सगळ्यात शेवटी शेव, आणि तीही अंगात त्राण उरलं असेल तर.

सामानाची यादी एकदाच, एका कागदावर. पातळ पोहे, खसखस, सुकं खोबरं आणि डाळं ही चार नावं सगळ्यात वर लिहा, कारण दिवाळी जवळ आली की वाण्याकडचा चांगला माल आधी हाच संपतो. खोबऱ्याची वाटी घेताना नाकाला लावून बघा. खवट खोबऱ्याचा एक तुकडा सगळा चिवडा नासवतो.

आणि एक वाटी ठरवा. हे मी फार महागात शिकले. सासूबाईंच्या वहीत सगळी मापं वाटीने लिहिलेली आहेत, आणि ती वाटी म्हणजे पोचा आलेली एक पितळी वाटी. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत मी पीठ मोजलं नव्या स्टीलच्या वाटीने आणि पाणी मोजलं चहाच्या कपाने. वहीत ‘सव्वा वाटी पाणी’ लिहिलं होतं, मी सव्वा कप घातलं. चकल्या सोऱ्यातून सरसर उतरल्या, मला वाटलं जमलं! तळल्यावर एकीलाही काटा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लुळ्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पितळी वाटी घासून माझ्या पिठाच्या डब्यात ठेवून दिली. वाटी लहान असो की मोठी, पीठ, पाणी, साखर, तूप सगळं तिनेच मोजायचं.

अनारसे: सगळ्यात आधी सुरू, सगळ्यात जास्त धाकधूक

अर्धा किलो जुना, जाडा तांदूळ घ्या. बासमती नको, नवा तांदूळ तर अजिबात नको. धुऊन भरपूर पाण्यात भिजवा आणि तीन पूर्ण दिवस ठेवा. पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी किंचित आंबूस वास येतो, तो यायलाच हवा. त्या आंबण्यावरच अनारशाची जाळी अवलंबून असते. पाणी बदलायचं विसरलात तर वास आंबूस न राहता कुबट होतो, आणि तो गुळानेही झाकला जात नाही. आमच्याकडे हे काम माझ्या मुलीकडे आहे. फ्रिजवर तीन चौकोन काढलेले असतात, पाणी बदललं की ती खूण करते.

चौथ्या दिवशी तांदूळ चाळणीत निथळून पंचावर, सावलीत पसरा. उन्हात नाही. तासाभराने मूठभर उचलून बघा. दाणे तळव्याला जरा चिकटावेत, पण तळवा ओला होऊ नये. या क्षणावर लक्ष ठेवावं लागतं. जास्त वाळले तर गूळ मुरत नाही, ओले राहिले तर पीठ पातळ होतं. मिक्सरवर थोडे थोडे दळून मैद्याच्या चाळणीने चाळा. पीठ दमट असतं, मुठीत दाबलं तर मूद राहते. यातली वाटीभर पिठी गूळ न घालता बाजूला काढून, वाळवून ठेवा. पुढे ती वेळेला उपयोगी पडते.

आता उरलेल्या पिठाला साधारण चारशे ग्रॅम साधा गूळ, बारीक किसून. चिक्कीचा गूळ चालत नाही. पीठ दमट आहे तोवरच गूळ आणि चमचाभर तूप घालून मळा, गोळा डब्यात दाबून बसवा आणि झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गुळाला पाणी सुटून गोळा सैल झालेला दिसेल, घाबरू नका. पाच-सहा दिवस मुरू द्या. रोज एकदा उघडून हलवा.

तळायच्या दिवशी लागेल तेवढंच पीठ काढा. कोरडं वाटलं तर दुधाचे थेंब किंवा पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा मळून घ्या. सुपारीएवढी गोळी, ताटलीत खसखस पसरलेली, त्यावर बोटांनी थापत पुरीएवढं करायचं. तुपात सोडताना खसखशीची बाजू वर. आच मध्यम. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने कडेचं गरम तूप वरून सोडत राहायचं. जाळी पडली, तांबूस झाला, की दोन झाऱ्यांच्या मध्ये धरून उचला आणि चाळणीत उभा करून ठेवा. आडवा ठेवला तर तूप पितो.

पहिला अनारसा नेहमी एकटा सोडा. तो तुपात पसरून विरघळला, म्हणजे ‘हसला’, तर गूळ किंवा ओल जास्त आहे. तेव्हा ती बाजूला काढलेली पिठी चमचा-दोन चमचे मळा आणि शक्य असेल तर रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी तळा. घाईत त्याच क्षणी तळायला गेलात तर दुसराही हसतो आणि मग घरात आपल्यालाच हसतात. उलट अनारसा दगडासारखा झाला तर पीठ कोरडं आहे, तिथे दूध किंवा केळं. एवढ्या मापात चाळीसेक अनारसे होतात.

उरलेलं पीठ फ्रिजमध्ये महिना-दोन महिने छान टिकतं. अधिक महिना आला की जावयाला तेहतीस अनारसे द्यायची पद्धत आहे. तेव्हा हा हात बसलेला असला की बरं पडतं.

भाजणी आणि चकली

भाजणीचं माप: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धणे, दोन मोठे चमचे जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन, कापडावर पसरून खडखडीत वाळवा. मग प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजा. एकत्र भाजलं तर उडीद करपतो आणि हरभरा डाळ कच्ची राहते, आणि कच्च्या डाळीची चकली दाताला लागते. तांदूळ हलका फुलला आणि दाताखाली कटकन तुटला की झाला. डाळी गुलाबीसर होऊन घरभर वास सुटला पाहिजे. आमच्याकडे आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येतो, “मूग झाला, उतरव!” पाहायची गरजच पडत नाही त्यांना.

गिरणीवाल्याला दोन गोष्टी सांगायच्या. बारीक दळा, आणि गव्हावर दळू नका. आधी कुणाचे गहू निघाले असतील तर जात्यात राहिलेली कणीक भाजणीत येते, आणि चकली चिवट होते. एका वर्षी मी फोनवर बोलता बोलता डबा ठेवून आले, सांगायचं राहिलं. किलोभर भाजणीची थालीपिठं करून संपवली आम्ही त्या वर्षी. तांदळावर किंवा हरभऱ्यावर दळलेलं चालतं. घरी आणल्यावर पीठ पसरून गार करा, मगच डब्यात.

दोन वाट्या भाजणीला सव्वा वाटी पाणी. पाण्यात दोन मोठे चमचे तेल, मीठ, दीड चमचा तिखट, दोन चमचे तीळ, अर्धा चमचा ओवा हातावर चोळून, हिंग, हळद. उकळी आली की गॅस बंद करा, भाजणी घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकून अर्धा तास ठेवा. मग कोमट पाण्याच्या हाताने मळायचं, आणि मळायचं म्हणजे तळहाताची टाच लावून. सगळं एकदम नाही. एका घाण्यापुरता गोळा घ्या, मळा, सोऱ्यात भरा. बाकीचं ओल्या फडक्याखाली.

कागदाच्या चौकोनांवर तीन वेढ्यांची चकली पाडा, शेवटचं टोक दाबून चिकटवा. चकली पाडताना तुटत असेल तर पीठ कोरडं आहे किंवा मळण्यात कसूर झाली आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. काटा येत नसेल तर पीठ सैल आहे. तेलात सोडल्यावर चकली विरते आहे असं दिसलं तर मोहन जास्त झालं. गोळ्यात थोडी कोरडी भाजणी मिसळा.

तेल तापलं का हे बघायला पिठाची कणी टाका. ती बुडून लगेच वर आली पाहिजे. चकली सोडताना आच मोठी, मग मध्यम. आता कान द्या. सुरुवातीला तेल जोरात चुरचुरतं, भरपूर बुडबुडे येतात. चकलीतली ओल गेली की बुडबुडे कमी होतात आणि आवाज मंदावतो. तेव्हाच काढायची. रंग बघून आधी काढलेली चकली त्या दिवशी कुरकुरीत लागते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. पहिल्या घाण्यातली एक गार करून मोडून बघा: आत नळी पडलेली दिसली की बाकीच्या निश्चिंत तळा. भाजणी किलोभर घेतली तर मध्यम आकाराच्या साठेक चकल्या होतात.

तयार भाजणी विकत मिळते, आणि ती वापरण्यात काही कमीपणा नाही. फक्त पहिल्या दोन वाट्यांची चकली करून बघितल्याशिवाय सगळी भिजवू नका, कारण प्रत्येक भाजणी पाणी वेगळं पिते.

बेसन लाडू: चाळीस मिनिटांचं काम, पन्नास मिनिटं करायचं

पाचशे ग्रॅम जाडसर बेसन, अडीचशे ग्रॅम साजूक तूप, चारशे ग्रॅम पिठीसाखर. जाड बुडाची कढई, मंद आच, आणि सतत हलवणं. सुरुवातीला बेसन कोरडं, गोळ्या गोळ्यांचं दिसतं आणि वाटतं तूप कमी पडलं. वरून तूप घालू नका! पंचवीस-तीस मिनिटांनी ते सैल व्हायला लागतं, चमचा हलका फिरतो, कडेने तूप सुटतं. रंग बदामी झाला आणि खमंग वास जिन्यापर्यंत गेला की दोन चमचे दुधाचा हबका मारा. बेसन फसफसून वर येतं आणि रवाळ होतं. आणखी पाच मिनिटं परतून उतरवा.

या कामाला आमच्याकडे पाळी असते. दहा मिनिटं मी, दहा मिनिटं जाऊबाई, दहा मिनिटं नवरा, मग दीर. हात दुखला म्हणून आच वाढवायचा मोह सगळ्यांना होतो आणि पुरुषांना जरा जास्त. मोठ्या आचेवर बेसन वरून लाल होतं, आतून कच्चं राहतं, आणि मग लाडू टाळ्याला चिकटतो. टाळ्याला चिकटणारा लाडू गूळ, वेलची, बेदाणे कशानेही सुधारत नाही.

साखर कधी घालायची? बेसन कोमट झाल्यावर. गरम असताना घातली तर साखर विरघळते आणि वळलेले लाडू ताटात बसतात, म्हणजे खालून चपटे होतात. तसं झालंच तर मिश्रण दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वळा. पिठीसाखर चाळून घाला, वेलची घाला, तळहाताने चांगलं मळा, मग वळा. सत्तावीस-अठ्ठावीस लाडू होतात. वळायला लहान मुलांना बसवावं. लाडू लहानमोठे होतात, होऊ द्यावेत. आमचा पुतण्या पाच वर्षांचा असताना त्याने वळलेला लिंबाएवढा लाडू त्याच्या आजीने भाऊबीजेपर्यंत जपून ठेवला होता.

रव्याचे लाडू करणार असाल तर ओलं खोबरं घालून केलेले चार-पाच दिवसांत संपवा. सुक्या खोबऱ्याचे जास्त टिकतात, पण मला ते आवडत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे होत नाहीत.

चिवडा

अर्धा किलो पातळ पोहे चाळून, उन्हात कागदावर तासभर ठेवा किंवा मोठ्या पातेल्यात अगदी मंद आचेवर हलक्या हाताने गरम करा. आच वाढली की पोहे आक्रसतात. पोहा चुरला की कुरकुरीत झाला.

फोडणीत ओल राहता कामा नये, चिवड्यात एवढंच सांभाळायचं. पाऊण वाटी तेलात आधी शेंगदाणे, मग खोबऱ्याचे काप, मग डाळं तळून बाजूला काढा. त्याच तेलात मोहरी, हिंग, मग मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता. मिरची कडकडीत होईपर्यंत थांबा, बोटाने मोडली तर मोडली पाहिजे. मऊ मिरची दोन दिवसांत सगळा डबा सादळवते. मग हळद, लगेच गॅस बंद, तळलेलं सगळं, पोहे, मीठ, दोन चमचे पिठीसाखर. हात लावून खालीवर करा. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. वाफ धरली की गेला.

शंकरपाळे आणि करंज्या

शंकरपाळ्यांचं माप तोंडपाठ राहतं: वाटीभर दूध, वाटीभर साखर, पाऊण वाटी तूप. साखर विरघळेपर्यंत गरम करा, गार करा, चिमूटभर मीठ घाला आणि मावेल तेवढा मैदा, साधारण पाच ते सहा वाट्या. घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवा, जाडसर लाटा, कातणाने कापा, मंद आचेवर तळा. हे कापायचं काम मुलांचं. चौकोनी होवोत नाहीतर त्रिकोणी, चवीला फरक पडत नाही. तळताना मात्र मुलं स्वयंपाकघराबाहेर.

करंज्यांना माणसं लागतात. एकटीने करायच्या असतील तर पंचवीसच्या पुढे जाऊ नका. दोन वाट्या बारीक रवा, त्यात तीन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूट मीठ, दुधात घट्ट भिजवून दोन तास. मग चांगलं कुटून किंवा फूड प्रोसेसरला फिरवून मऊ करा. सारणाला दोन वाट्या किसलेलं सुकं खोबरं भाजून, पाव वाटी भाजलेली खसखस, दोन चमचे तुपात भाजलेली कणीक, सव्वा वाटी पिठीसाखर, वेलची, जायफळ. पारी लाटणारी एक, भरणारी एक, तळणारी एक, आणि लाटलेल्या-भरलेल्या सगळ्यांवर सतत ओलं फडकं. कडा दुधाच्या बोटाने चिकटवून, दाबून, मग कातण फिरवा. सारण जास्त भरायचा हावरटपणा करू नका. एक करंजी तेलात फुटली की खोबरं जळतं आणि पुढच्या सगळ्या करंज्यांवर काळे ठिपके येतात.

म्हणून तेलाचा क्रम. एकाच दिवशी एकाच कढईत बरंच तळायचं असेल तर आधी शंकरपाळे, मग करंज्या, आणि चकली शेवटी, कारण तिच्यातून सुटलेले तीळ तळाशी जळतात. करंज्या फुटल्याच तर तेल गाळल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळणाचं उरलेलं तेल गाळून आठवड्याभरात फोडणीला संपवा. पुन्हा पुन्हा तळायला नको आणि मोरीत तर ओतूच नका, गोठून पाइप तुंबतात.

डबे, ताटं, आणि पहिली सकाळ

डबे आदल्या दिवशी धुऊन कोरडे करून ठेवा. ज्याच्यात आधी मसाला होता तो लाडवांना नको. प्रत्येक डब्यातला वरचा थोडा फराळ वेगळ्या लहान डब्यांत काढा आणि रोजचं खाणं त्यातूनच. मोठा डबा दिवसातून दहा वेळा उघडला की चकलीचं काही खरं नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी तोंड लावायचं नाही हा नियम आमच्याकडे आहे. पण पहिल्या घाण्यातली चकली मोडून बघणं हे ‘चाचणी’ या सदरात मोडतं असा निकाल सासूबाईंनी फार पूर्वीच दिलेला आहे.

नरकचतुर्दशीला पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणं, आणि मग फराळाचं ताट. माझ्या जाऊबाईंचं माहेर फोंड्याचं. गोव्यात पहाटे नरकासुर जाळतात आणि पहिल्या आंघोळीनंतर घरोघरी फोव खातात: दुधा-गुळातले, ताकातले, नारळाच्या रोसातले, फोडणीचे. कोकणातही त्या सकाळी पोह्यांचाच मान. तिच्या आग्रहाने आमच्या ताटातही आता रोसातले पोहे आले आहेत. खरं सांगायचं तर इतकं तळलेलं समोर असताना ती वाटीच आधी रिकामी होते. पोह्यांसाठी नारळ आदल्या रात्री खवून फ्रिजमध्ये ठेवा, पहाटे पाचला कोणाला खवायचा उत्साह नसतो.

ताटं द्यायची ती लक्ष्मीपूजनाच्या सकाळपर्यंत. ताटात चकल्या खाली नको, लाडवाच्या वजनाने मोडतात. आधी चिवडा कागदाच्या द्रोणात, मग लाडू, कडेला चकली उभी. आपल्याकडे आलेलं ताट रिकामं परत जात नाही. फराळ संपला असेल तर मूठभर साखर तरी घालतात.

परदेशी पाठवायचा डबा मात्र या वेळापत्रकात बसवू नका. तो निदान महिनाभर आधीचा वेगळा घाणा असतो. चकल्या ताठ प्लास्टिकच्या डब्यात, मधल्या फटींत चिवड्याच्या लहान पिशव्या कोंबून. लाडू एकेक गुंडाळून. ज्या देशात जायचं तिथले कस्टम्सचे नियम आधी बघा, दुधाच्या पदार्थांवर बऱ्याच ठिकाणी हरकत घेतात.

सगळं घरी होत नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. पुण्यात पूना मर्चंट्स चेंबर दर दिवाळीला ना नफा ना तोटा भावात लाडू-चिवडा विकतं आणि त्याला रांगा लागतात. शिवाय गल्लोगल्ली घरगुती फराळ करून देणाऱ्या बायका आहेत. मी चिरोटे आणि कडबोळी अशीच एका काकूंकडून घेते, दसऱ्याला सांगून ठेवते. पण लाडू आणि चकली घरचीच, कारण ती करताना सगळे एका खोलीत बसतात.

उरलंसुरलं

चिवडा आणि चकली कोरड्या डब्यात तीन आठवडे, अनारसे आणि बेसन लाडूही तेवढेच, सुक्या सारणाच्या करंज्या दोन आठवडे. सादळलेला चिवडा कढईत पाच मिनिटं मंद आचेवर परतला की परत येतो. चकल्यांचा चुरा मिसळीवर, शंकरपाळ्यांचा चुरा गरम दुधात.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास डबे तळाला लागतात. तेव्हा मी सामानाची तीच यादी काढते आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिते. गेल्या वर्षीचं असं आहे: ‘चकल्या साठ पुरल्या नाहीत, भाजणी दीडपट. शंकरपाळे उरले. अनारसा पहिला हसला, गूळ पन्नास ग्रॅम कमी. खसखस दसऱ्यालाच आणणे.’ कागद घडी करून पितळी वाटीखाली, भाजणीच्या डब्यात.